जळगाव ते धुळे, सिंगापूरमार्गे

माझं काम नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. नवरा पाहुण्यांना सांगतो, "ती इंटरनेटमध्ये आहे," जणू मी तिथे आत राहते. गल्लीतल्या बायकांच्या लेखी मी वायफायवाली. त्यांच्या मोबाईलवरचं चक्र नुसतंच गरगर फिरायला लागलं की माझ्या दाराची कडी वाजते. माझे वडील, म्हणजे नाना, मात्र सरळ सांगायचे, "पोर वाटा मोजस." सगळ्यांत खरं उत्तर तेच होतं. पण ते ऐकून समोरचा मला रस्ते खात्यातली समजायचा आणि आमच्या पिंप्राळ्यातल्या खड्ड्यांबद्दल चार शब्द सुनवून जायचा.

जळगावात घरोघरी वायरने इंटरनेट देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करते. सकाळी ऑफिसात गेलं की चहाच्याही आधी वाटांची नोंद. तुम्ही मोबाईलवरून नुसतं "हं" पाठवलं तरी त्याचं पॅकेट बांधलं जातं, त्यावर पत्ता पडतो, आणि एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर ते ढकललं जातं. स्टेशन म्हणजे राउटर. तो पत्ता वाचतो, आत काय आहे ते उघडून बघत नाही आणि पुढे ढकलतो. आमच्या नातलगांपेक्षा त्याचं वळण पुष्कळ चांगलं. पॅकेट कुठून कसं गेलं हे शोधायची युक्ती मात्र जरा निर्दयी आहे. आम्ही मुद्दाम अल्पायुषी पॅकेटं सोडतो. पहिलं पहिल्याच स्टेशनावर मरतं, दुसरं दुसऱ्यावर, तिसरं तिसऱ्यावर. जिथे जे मरेल तिथलं स्टेशन उलट कळवतं, की तुमचं पॅकेट आमच्याकडे वारलं. या सगळ्या निरोपांची रांग लावली की जायची वाट दिसते. परतीची वाट त्यातून कळत नाही. ती वेगळीच असू शकते. आणि काही स्टेशनं मुळी कळवतच नाहीत. पॅकेटं पुढे देतात, पण स्वतः मुकी राहतात, आणि आमच्या पडद्यावर त्यांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटतात.

हे नानांना समजवायला मी एकदा कागद-पेन घेऊन बसले होते. गरज पडली नाही. आमच्या घरातून प्रवासाला निघणाऱ्याला नानांचा हुकूमच असायचा: एरंडोल आलं की फोन, पारोळा आलं की फोन, धुळ्यात उतरलं की फोन. ज्याचा फोन आला नाही तो गेलाच असं धरून ते पुढची चौकशी सुरू करायचे.

"म्हंजे तू पॅकेटले पारोळाले उतारी देस," नाना म्हणाले, "आनि तठला मास्तर तुले फोन करस."

मी कागद घडी करून ठेवून दिला.

एकदा आमच्या एका ग्राहकाने तक्रार केली. त्यांची मुलगी धुळ्याला शिकायला होती आणि तिच्याशी व्हिडिओवर बोलताना चित्र सारखं अडकायचं. मुलगी तोंड उघडते, आणि आवाज ती तोंड मिटल्यावर येतो. मी नेहमीप्रमाणे वाट तपासली. जळगावहून पॅकेट मुंबईला गेलं, ते ठीक. मुंबईहून चेन्नईला गेलं, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. मग दोन चांदण्या, आणि त्यानंतर एकदम सिंगापूर. समुद्र ओलांडून परदेशी जाऊन, तिथून परत मुंबई, आणि मग धुळे. ज्या गावी मी सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोचते, त्या गावी आमचं पॅकेट परदेशवारी करून जात होतं, तेही पासपोर्टशिवाय.

कारण शोधलं तर ते फारच ओळखीचं निघालं. त्या मुलीच्या वसतिगृहात इंटरनेट होतं ते दुसऱ्या एका कंपनीचं. ती कंपनी मोठी, आमची धाकटी. दोघींनी आपापल्या वायरी एकमेकींना जोडल्या की काम संपलं. पण मोठीचं म्हणणं, धाकटीने रीतसर आमच्या दारी यावं आणि आमची ग्राहक व्हावं. धाकटीचं म्हणणं, बसू तर बरोबरीने. मानपानाचा प्रश्न. त्यामुळे दोघी थेट बोलत नव्हत्या, आणि सिंगापुरात एक तिसरी होती जिच्याशी दोघींचंही चांगलं होतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावर दोन्ही कंपन्यांच्या पेट्या आहेत, आमची राखाडी, त्यांची निळी. मधे एका वितीचं अंतर. त्यावर एक कबुतर बसतं, त्याचा एक पाय इकडे आणि एक तिकडे.

रात्री जेवताना मी ही गंमत नानांना सांगितली. ते घास घ्यायचे थांबले.

"त्यासनं बोलनं नही शे का?"

"तसंच समजा."

"मंग सिंगापूरले त्यासनी अक्का राहस का?"

मी हसले आणि मग मला ठसका लागला, कारण अक्का म्हणजे माझी यावलची आत्या, आणि इतक्या वर्षांत नानांनी स्वतःहून त्या विषयाला पहिल्यांदाच हात घातला होता.

तो विषय म्हणजे आबा. आबा हे नानांचे पाठचे भाऊ, धुळ्याला देवपुरात राहतात. दोघांत अबोला होता आणि त्याचं मूळ होतं आबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. आमच्यात लग्नाचं पहिलं आवतण देवाला आणि दुसरं थोरल्या भावाला. तेसुद्धा घरी येऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊन. बाकीचं जग त्यानंतर. आबा हे विसरले असते तर गोष्ट सोपी होती. ते अजिबात विसरले नव्हते. पत्रिका छापून आल्या त्याच दिवशी पिशवी घेऊन ते जळगावच्या एसटीत बसले. पण गाडी पारोळ्याच्या स्टँडवर थांबली, हातात वेळ होता, पत्रिका देखणी होती, लेकीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, आणि आबांना राहवलं नाही. त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवून फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

माणूस अजून पारोळ्यात आणि पत्रिका पिंप्राळ्यात. नुसती पिंप्राळ्यात असती तरी निभावलं असतं. ती पुण्याच्या भाचरांपासून सुरतेच्या पाहुण्यांपर्यंत बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या, गोतावळ्याला एकाच क्षणी पोचली. अंगठे उठले, हात जोडले गेले, फुलांचा सडा पडला. आई गेल्यापासून नाना माझ्याकडेच राहत होते. ते चष्मा लावून हॉलमध्ये बसले होते आणि एकेक अंगठा बघत होते. सुरतेच्या पाहुण्यांचा अंगठा आधी आला, हे त्यांना विशेष लागलं.

आबा दारात आले तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. नाना उंबऱ्यात उभे राहिले, बाजूला झाले नाहीत.

"पत्रिका पोहचनी," ते म्हणाले. "तू कसाले तरास लिधा?"

आबांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग त्यांनी पिशवीतून पत्रिका आणि अक्षतांची पुडी काढली, ओट्याच्या कठड्यावर ठेवली आणि पाण्याचा घोटही न घेता उलट्या पावली गेले. मी पातेलं घेऊन बाहेर येईपर्यंत रिक्षा वळलीसुद्धा होती. तो चहा मी ओतून दिला.

नाना लग्नाला गेले. अक्षता टाकल्या, पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जेवायला बसायच्या वेळी गाडीत येऊन बसले. न येण्यापेक्षा हे वाईट. न आलेल्याला काहीतरी अडचण असू शकते, पण येऊन न जेवलेल्या माणसाकडे रागाशिवाय दुसरं काही नसतं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पण बोलणं बंद असलं तरी वाहतूक जोरात होती. ती यावलवरून चालायची. यावलला दोघांची थोरली बहीण, अक्का. केळीच्या बागांच्या कडेला तिचं घर, दारात खाट, खाटेवर ती, आणि तिच्या कानाला मोबाईल. सकाळी नाना तिला फोन करायचे, संध्याकाळी आबा. सकाळी नानांच्या फोनचा स्पीकर चालू असायचा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. "आबा इचारे व्हता, नानाना खोकला कसा शे," अक्का सांगायची. नाना तोंड वाकडं करून "हूं" म्हणायचे, आणि मग तो सबंध दिवस त्यांचा बरा जायचा. तिकडे आबांनाही नानांची अशीच विचारपूस पोचत असणार. माझ्या धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर वाट लांबची होती, पण फार भरवशाची.

मग दिवाळीनंतर नानांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, वांग्याच्या भरताच्या पार्टीत तिखट जास्त झालं. गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, मध झाला. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि मला आत बोलावलं. गळ्यात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागेल, ऑपरेशन नाशिकला करा, जीव वाचेल, आवाज जाईल, असं त्यांनी एका दमात सांगितलं. नंतर यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, असंही म्हणाले. नानांनी ते यंत्र हातानेच उडवून लावलं.

"म्हंजे जे बोलनं शे ते आतेच बोली लेवानं," घरी आल्यावर ते म्हणाले.

आणि त्यांनी ते मनावर घेतलं. दूधवाल्याशी बोलले. भाजीवालीशी इतकं बोलले की ती गाडी घेऊन पुढच्या गल्लीत जाईना. जुन्या सोबत्यांना फोन लावले, ज्यांच्याशी वाद होते त्यांच्याशी ते वाद पुन्हा एकदा घालून घेतले. बँकेतल्या साहेबाला तो तरुण असताना काय चुकीचं बोलला होता ते सांगून आले. त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात सगळ्या जगाशी बोलणं चालू होतं, फक्त देवपुराशी नाही. मी बघत होते आणि आतून तुटत होते. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती, आणि हे दोन म्हातारे कोण आधी बोलतं याची वाट बघत होते.

त्यातच यावलची वाट बंद पडली. अक्काचे कान गेले. एकदम नाही, पण त्या थंडीत फोनवरचं काहीच तिला कळेनासं झालं. नातवाने आणून दिलेलं कानाचं यंत्र ती साखरेच्या डब्यात ठेवायची, म्हणजे हरवत नाही. नाना सकाळी ओरडून ओरडून थकायचे, आणि ओरडायलाही आता आवाज नव्हता. मग एका सकाळी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तू सांग त्याले." म्हणजे आता निरोप मी न्यायचे.

मी आनंदाने हो म्हटलं. वाटांचं काम, माझ्या हातचा मळ. मी पॅकेट न उघडणारी, जसं आलं तसं पुढे देणारी. नाना म्हणाले, "त्याले सांग, नाशिकले जाई राहिनू. येवानी काही गरज नही." मी आबांना फोन लावून शब्दन् शब्द सांगितला. आबा म्हणाले, "त्याले सांग, गरज नही तं नही येत. आवतन बिगर मी कोठेच जात नही." तेही मी इमानदारीने पोचवलं. नाना म्हणाले, "दवाखानाले बी आवतन लागस का? सांग त्याले, पत्रिका ग्रुपवर टाकस." मी तेसुद्धा सांगितलं. आबांनी फोन ठेवून दिला आणि पुढे उचललाच नाही. इतकी वर्षं धगधगत का होईना पण नीट चाललेलं भांडण मी आठवड्याभरात पेटवून दाखवलं.

रविवारी मी तापी ओलांडून यावलला गेले. अक्काच्या खाटेवर बसून तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळी हकीगत ओरडून सांगितली. शेजारच्या दोन बायकाही ती ऐकायला आल्या.

"तो म्हने येवानी गरज नही, आनि तू तेच सांगं?" अक्का म्हणाली.

"मग काय सांगायचं?"

"येडी शे का तू? मी सांगती, नाना तुनी वाट देखी राहिना."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. मी विचारलं, इतकी वर्षं आबा रोज नानांचा खोकला विचारत होते, ते?

"तो कसाले इचारी?" अक्का तोंडाला पदर लावून हसली. "तो माले केळीना भाव इचारे."

म्हणजे खोकल्याची चौकशी यावलची. तेल लावून गुडघा शेकायचा सल्ला यावलचा. दोघा भावांना रोज एकमेकांची जी माया पोचत होती ती सगळी या खाटेवर तयार व्हायची. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, की बघ कशी शहाणी आहे आमची अक्का. मला मात्र संताप आला. मी तिला म्हटलं, हे गोड निरोप नसते तर दोघं महिन्याभरात समोरासमोर भांडून मोकळे झाले असते. घरबसल्या भावाची माया मिळतेय म्हटल्यावर कोण कशाला देवपूरला जाईल, आणि कोण पिंप्राळ्याला येईल? तू त्यांचं भांडण मिटवलं नाहीस, ते पोसलंस. हे ती ऐकेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणूनच मी बोलून गेले. पण नेमकं तेवढं तिला ऐकू गेलं.

"त्या दोन्ही बोलाले लागनात तं माले फोन कोन करी?" ती म्हणाली.

तिने दिलेलं केळ मी सोलून खाल्लं, तिने आणखी एक दिलं, तेही खाल्लं. निघताना तिने अर्धा घड गाडीच्या डिकीत ठेवला.

परतताना मला सारखी सिंगापूरची आठवण येत होती. तिथून सगळं इतकं सुरळीत चालायचं, की एका वितीची वायर जोडायचा विचार कुणाच्या मनात येत नव्हता. तक्रार आली तरी साहेब म्हणायचे, चाललंय ना, मग हात कशाला लावायचा. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं. मी नानांना सांगितलं, यापुढे मी कुणाचा निरोप नेणार नाही, आणणार नाही. ते म्हणाले, "बरं." आबांना मेसेज टाकला. त्यांचंही उत्तर आलं, "बरं." दोघांचा स्वभाव एकाच साच्यातला होता आणि मला दोघांचाही राग येत होता.

नंतरचे दिवस शांततेत गेले, आणि ती शांतता मला सहन होत नव्हती. कुणी कुणाला फोन केला नाही. नाना ग्रुपवरचे जुने फोटो बघत बसायचे. आवाज आता इतका खाली गेला होता की शेजारच्या खोलीतून हाक आली तरी कळत नसे. मी चूक केली का, असं मनात यायचं, आणि मग मी पातेली आपटत भांडी घासायचे.

नाशिकला निघायचा दिवस आला. नवरा दुसऱ्या दिवशी रेल्वेने येणार होता. सामान जास्त होतं म्हणून मी नानांना घेऊन गाडीने निघाले. जळगावहून नाशिकला गाडीने जायचं तर वाट धुळ्यावरून. गावाबाहेरून वळणरस्ता आहे, तोच मी मनात धरला होता. मोबाईलमधल्या बाईनेही तोच सांगितला. एरंडोल आलं तसा नानांचा हात सवयीने खिशाकडे गेला. फोन काढला, जरा वेळ हातात धरला, आणि परत ठेवून दिला. पोचल्याचं कळवायचं कुणाला? अक्काला ऐकू येत नव्हतं. पारोळ्याला स्टँडसमोर ते म्हणाले, "थांब जरा." मी गाडी कडेला घेतली. ते काच खाली करून स्टँडवर लागलेल्या एसटीकडे बघत राहिले.

"आठेच टाका व्हता त्यानी फोटो," ते म्हणाले. मग काच वर केली.

धुळं जवळ आलं. वळणरस्त्याची पाटी दिसली तेव्हा नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"गावमातून ले."

"कशाला?"

"चहा पेऊत."

मी गाव धरलं. चहाच्या टपऱ्या एकामागून एक गेल्या. एकीवर गर्दी होती, एकीचा चहा म्हणे पाण्यासारखा असतो, एकीवरचा माणूस त्यांना पसंत पडला नाही. नाशिकची दिशा केव्हाच मागे पडली होती. मोबाईलमधली बाई सारखी सांगत होती, शक्य तिथे मागे वळा. पांझरेचा पूल लागला तसं नानांनी हाताने सरळ असं दाखवलं.

"देवपूरमा चहा बरा भेटस," ते म्हणाले.

मी त्या बाईचा आवाज बंद केला.

आबांच्या घराच्या पायऱ्या नाना माझा हात न धरता चढले. दार आबांनीच उघडलं, बनियनवर, हातात वर्तमानपत्र. मी एका पायरीवर खाली उभी होते आणि मला धास्ती होती, की आता "कसाले तरास लिधा" म्हणायची पाळी आबांची आहे.

"निरोप नही धाडा?" आबा म्हणाले.

"काबर, ग्रुपवर टाकाले पाहिजे व्हता का?" नाना त्या चिरक्या आवाजात म्हणाले.

झालं. उंबऱ्यातच सुरुवात झाली. पारोळ्याला तुला काय घाई होती, इथपासून. घाई नव्हती, हौस होती. हौस होती तर सुरतेवाल्यांना आधी कशी कळली. मी दारात आलो होतो, पाणीसुद्धा विचारलं नाहीस. तू थांबलास कुठे. भांडत भांडत ते आत गेले, भांडत भांडत बसले. काकूंनी मला चहा दिला आणि नानांपुढे न विचारता ताट ठेवलं, दुधात कुस्करलेली पोळी, वर साखर. नाना एकेक घास कष्टाने गिळत होते.

"लगनमा जेवना नही, आनि आते जेवस," आबा म्हणाले.

"लगनमा दुधपोळी नही व्हती," नाना म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

त्यांचा आवाज मधेच पूर्ण बुडायचा आणि मग खरवडून वर यायचा. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, आवाज जपा."

"जपीसन कोनले देऊ?" ते म्हणाले. "परवा जानारच शे."

आबांनी मान खाली घातली. काकू आत निघून गेल्या. मग आबांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि दुप्पट आवाजात म्हणाले, की ओट्यावर अक्षता तशाच पडू दिल्या, ही कुठली रीत? नानांच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी रंग दिसला. दुपार उलटून गेली. मी घड्याळ दाखवून दाखवून त्यांना उठवलं, तरी भांडण पायऱ्यांवर आणि मग गाडीच्या काचेशी चालूच होतं.

"अर्धं राहिनं," आबा काचेत वाकून म्हणाले. "ये परत, मंग देखस तुले."

ऑपरेशन नीट झालं. नाना परत आले, बरे झाले, गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचा रुमाल. आवाज नाही. दवाखान्यातून एक पाटी मिळाली होती, त्यावर ते माझ्यासाठी सूचना लिहायचे. बहुतेक भाजीत मीठ कमी असल्याच्या. सकाळी ते अक्काला व्हिडिओ लावतात. एकाला बोलता येत नाही, एकीला ऐकू येत नाही, जोडी छान जमली आहे. अक्का तिकडून केळीचं सगळं सांगते, नाना ओठ हलवतात, आणि ती अगदी बरोबर ठिकाणी "हां, हां" म्हणते.

संध्याकाळी आबांचा व्हिडिओ येतो. राहिलेलं अर्धं भांडण. आबा एक मुद्दा मांडतात आणि थांबतात, नानांना उत्तर द्यायला जागा ठेवतात. त्या जागेत नाना जोरात मान हलवतात, बोटं मोजून दाखवतात, पंजा उभा करतात. मग आबा पुढचा मुद्दा घेतात. मी एकदा न राहवून वाट तपासली. आबांच्या घरीही त्याच मोठ्या कंपनीचं इंटरनेट, त्यामुळे पॅकेटं अजून सिंगापूरवरूनच जातात, कंपन्यांचं अजून जमलेलं नाही. नानांची मान इथे हलते आणि देवपुरात जराशी उशिरा पोचते.

एका संध्याकाळी आबा बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "जाऊ दे नाना. चूक मनीच व्हती."

मला वाटलं, नानांना बरं वाटेल. त्यांनी फोन पालथा घातला. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन वाजत राहिला, त्यांनी घेतला नाही. रात्री पाटी माझ्यापुढे धरली. तीवर लिहिलं होतं, "तो असा काबर बोलना?" तेव्हा मला कळलं. आबांनी हार मानली नव्हती, त्यांना कीव आली होती. आणि ज्याची कीव करायची त्याच्याशी कुणी भांडत नाही.

मी गच्चीवर गेले आणि आबांना फोन लावला. निरोप नेणार नाही असं मी सांगितलं होतं आणि पॅकेट उघडायचं नाही ही माझी नोकरी. मी दोन्ही मोडलं. अक्काने साखर घातली असती, मी मिरची घातली.

"आबा," मी म्हटलं, "नाना पाटीवर लिहून सगळ्यांना दाखवताहेत. म्हणताहेत, शेवटी आला ना नाक घासत."

आबा फणकारले. "असं म्हने का तो?" आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायचीही त्यांनी वाट बघितली नाही. नाना दुपारची औषधं घेत होते तेव्हाच फोन वाजला. मी तो उचलून नानांपुढे उभा केला. आबा पडदाभर होते, नाक लाल.

"चूक तुनीच व्हती!" ते ओरडले. "मी दारमा उनथू! तू पानी बी नही इचारं! तुनीच चूक, बठ्ठी तुनीच!"

नानांचं तोंड उघडलं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. ते हसत होते. आवाज कसलाच नव्हता, फक्त गळ्यावरचा रुमाल उडत होता. मग ते पुढे वाकले आणि बोलायला लागले, खरंच बोलायला लागले, हात नाचवत, ओठ भराभर हलवत, एक वाक्य, दोन वाक्यं, सबंध मुद्दा.

देवपुरात आबा गप्प बसून बघत होते. मधे बोलले नाहीत. नानांचं संपेपर्यंत थांबले.

"आयकं मी," ते म्हणाले. "बठ्ठं आयकं. तरी बी चूक तुनीच."